तीन फोन, मग दार

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्याला दिसलं, आत घुम्या एकटाच होता आणि हसत होता. फोन कानाला लावलेला, मान तिरकी, डोळे मिटलेले आणि ओठांवर चक्क हसू. चाहूल लागताच त्याने डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं, ‘बरं, मग’ एवढंच पुटपुटला आणि फोन खिशात घातला. ‘ठेवतो’ नाही, ‘नंतर बोलू’ नाही. मग दोघं शेजारी शेजारी उभे राहून वर गेले. कुणी काही बोललं नाही, पण त्यात नवल नव्हतं. घुम्याचं नावच मुळी घुम्या. होस्टेलच्या खोलीत पहिल्या आठवड्यात कुणीतरी ठेवलेलं हे नाव इतकं चपखल बसलं, की पुढे प्राध्यापकसुद्धा हजेरीत चुकून तेच घ्यायचे. विचारलं तर उत्तर, नाहीतर तेही नाही, असा हा माणूस. तो फोनवर हसतो कसा? कुणाशी? आणि आपल्याला पाहून फोन बंद का करतो? लिफ्ट थांबली, घुम्या नेहमीप्रमाणे आधी बाहेर पडला, आणि तो मात्र दार पुन्हा लागेपर्यंत आतच उभा राहिला.

कंपनी दोघांची होती. कल्पना त्याची, ती चालवणारी यंत्रणा घुम्याची. एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांची दूर गेलेली मुलं, आणि मधल्या अंतरावर चालणारा हा धंदा. रोज सकाळी कंपनीतल्या बायका एकेका म्हाताऱ्याला फोन करायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. झोप झाली का? काही खाल्लं का? आज कुणाशी बोलणार आहात? उत्तरं मिळाली की दूरच्या मुलाच्या फोनवर हिरवी खूण जायची आणि मुलगा निर्धास्त कामाला लागायचा. फोन उचलला नाही तर दुसरा, मग तिसरा, आणि तिसराही वाया गेला की त्या भागातला कंपनीचा माणूस थेट दारावर. तीन फोन, मग दार. भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याचे एक अविवाहित काका घरात पडले आणि तीन दिवस कुणालाच पत्ता नव्हता, त्यातून हे सगळं सुचलेलं. काकांची गोष्ट त्याने इतक्या ठिकाणी सांगितली होती, की आता सांगताना कुठे थांबायचं आणि कुठे घोटभर पाणी प्यायचं हेही ठरून गेलं होतं. पण नियम खरा होता आणि त्या नियमाने खरंच माणसं वाचली होती. न उचललेल्या फोनचा संशय घेणं हाच त्यांचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिली काही वर्षं ग्राहकांच्या आकड्याची पडद्यावरची रेघ अशी चढत गेली, की मान वर करून बघावं. मग एके दिवशी ती आडवी झाली आणि वर्ष होत आलं तरी आडवीच होती. नवी माणसं येत नव्हती असं नाही. येत होती, पण जेवढी येत तेवढीच जात. जाहिरात बदलली, दर कमी केले, बायकांना गोड बोलण्याचं शिक्षण दिलं. रेघ हूं की चूं करेना. पैसे घालणारे गृहस्थ दर महिन्याला यायचे, काचेच्या खोलीत बसून कॉफी प्यायचे आणि म्हणायचे, “पठार आहे हे. पठारावर माणूस दम खायला बसतो, मान्य. पण तुम्ही तर पथारी पसरलीत.” गेल्या खेपेला ते हसले नव्हते. पुढच्या खेपेपर्यंत रेघ हलली नाही तर कंपनी पलीकडच्या, हाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला विकून टाकू, असं त्यांनी बाहेर पडताना, बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं. त्या रात्रीपासून त्याच्या जबड्याची एक बाजू दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, दात चांगले आहेत, तुम्ही झोपेत ते आवळता. झोपेत तो काय आवळून धरत होता हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. ही कंपनी गेली तर त्याच्याजवळ काकांची गोष्ट तेवढी उरणार होती.

आणि जाणारी माणसं सगळी एकच वाक्य बोलून जात होती. का सोडता म्हणून विचारलं की म्हणायची, आता गरज नाही. कुणी महाग पडतं म्हणत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. आता गरज नाही. शाळेतल्या पोरांना कुणी पढवून पाठवावं तसं. म्हातारपण काय बरं होतं? एकटेपणाची गरज एका महिन्यात संपते? कुणीतरी यांना आतून फोडतंय, हे त्याच्या मनात महिन्यापूर्वीच येऊन बसलं होतं, फक्त त्या कुणीतरीला तोंड नव्हतं. त्या सकाळी लिफ्टमध्ये ते मिळालं. एकदा मिळाल्यावर मग काय, जिकडे तिकडे तेच. घुम्या आपला पडदा भिंतीकडे वळवून बसतो, तो आधीपासून तसाच बसायचा की हल्ली? तो रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी उठतो आणि जिन्यात जातो, तो कशाला? सिगारेट तर त्याने कधीच सोडली. मागच्या बैठकीत सगळे कारणं शोधत असताना घुम्या मध्येच म्हणाला होता, “बरी होऊन जातायत.” एवढंच. पैसेवाले गृहस्थ खो-खो हसले होते, तोही हसला होता. आता ते वाक्य आठवलं आणि त्यात त्याला कुत्सितपणा दिसला. चोर कधी कधी असं बोलून टाकतो म्हणतात, पकडलं जाण्याची हौस असल्यासारखं.

आईचा फोनही त्या दिवसांत लागेनासा झाला. आई पलीकडच्या उपनगरात एकटी राहायची आणि कंपनीची पहिली ग्राहक तीच होती, त्याच्याच हट्टाने. शिवाय तो स्वतः रोज सकाळी गाडीतून तिला फोन करायचा. सिग्नलला गाडी थांबली की आई, असं ते गणित वर्षानुवर्षं बसलेलं. हल्ली त्या वेळी फोन व्यस्त. पुन्हा केला तरी व्यस्त. शेवटी लागला की आई जराशी धापा टाकत, जराशी प्रसन्न. “कुणाशी बोलत होतीस?” त्याने विचारलं. “चुकीचा नंबर होता,” आई म्हणाली. चुकीच्या नंबराशी एवढा वेळ? त्याने गाडी बाजूला घेतली. पलीकडची कंपनी आईपर्यंत पोहोचली की काय! आईच्या आवाजात ती त्याच्या लहानपणीची, कपाटामागे काहीतरी लपवून ठेवल्याची लकब होती. वडील गेल्यावर ती असंच बोलायची, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, आणि फडताळाच्या मागे औषधांच्या न उघडलेल्या बाटल्या. तेव्हा त्याला वाटायचं, आपण तिला नीट विचारायला शिकलो पाहिजे. मग त्याने तीन प्रश्न तयार केले. “झोप झाली का?” त्याने विचारलं. “हो.” “काही खाल्लंस का?” “हो हो.” “आज कुणाशी बोलणार आहेस?” आई म्हणाली, “तुझ्याशी बोलतेय की,” आणि तिने फोन ठेवला.

आठवडाभर त्याने पाळत ठेवली. शब्द वाईट आहे, पण त्याने केलं ते तेच. घुम्या जिन्यात गेला की तो वरच्या मजल्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहायचा, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडझाप करत. खालून शब्द येत नसत, सूर तेवढा यायचा. घुम्याचा, आणि लांबलचक. हा माणूस वाक्यं बोलत होता! आपल्याशी खोलीत, ऑफिसात, गाडीत, इतक्या वर्षांत याने जेवढं बोलणं खर्च केलं नाही, तेवढं तो कुणा परक्यावर उधळतोय. संशयाच्या खाली काहीतरी दुसरंच दुखत होतं, आणि ते जबडा दुखण्यापेक्षा वाईट होतं, पण तिकडे बघायला त्याला सवड नव्हती.

त्याने घुम्याला काचेच्या खोलीत बोलावलं. बाहेर बायकांचे सकाळचे फोन चालू होते, काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. “जिन्यात कुणाशी बोलतोस?” त्याने विचारलं. घुम्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. “सांगायचं नाही असं ठरलंय,” तो म्हणाला. “कुणाशी ठरलंय?” “ज्यांच्याशी बोलतो त्यांच्याशी.” “आपली माणसं जातायत ती तिकडेच जातायत ना?” घुम्या गप्प. “तू बोलला नाहीस तर मी समजायचं ते समजेन.” “तू समजूनच आत बोलावलंयस,” घुम्या म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं. मग याने आवाज चढवला, म्हणजे याला चढवायचा नव्हता, पण चढला. म्हणाला, इतकं वाटत असेल तर जा, आत्ता जा. घुम्या उठला. खिशातून ऑफिसची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. ती काचेवर वाजू नये म्हणून आधी बोट ठेवून मग सोडली, आणि तो गेला. बाहेर थोरल्या बाईंनी, म्हणजे फोन करणाऱ्या बायकांतल्या सगळ्यांत जुन्या बाईंनी, कानावरचं यंत्र काढून विचारलं, “सर, हे कुठे निघाले?” तो म्हणाला, “बाहेर.” बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपली कॉलर नीट करावीशी वाटली.

आता पुरावा पाहिजे होता. पैसेवाल्या गृहस्थांना दाखवायला हवा होता आणि खरं तर त्याला स्वतःलाही हवा होता, कारण किल्ली अजून टेबलावरच होती आणि ती उचलावीशी वाटत नव्हती. रविवारी दुपारी रिकाम्या ऑफिसात बसून त्याने फोनांची ध्वनिमुद्रणं ऐकायला घेतली. प्रत्येक फोन मुद्रित व्हायचा, ग्राहकांना तसं सांगितलेलं असायचं, आणि आजवर ते कुणी ऐकलेलं नव्हतं. सोडून गेलेल्यांचे शेवटचे फोन त्याने एकामागून एक लावले. झोप झाली, खाल्लं, हो, हो. सगळे जोडहाकेचे फोन होते. जोडहाक त्याचीच कल्पना. सकाळची वेळ थोडी, फोन फार, तेव्हा दोन म्हाताऱ्यांना एकाच फोनवर घ्यायचं आणि दोघांना एकदमच प्रश्न विचारायचे, म्हणजे बाईंचा निम्मा वेळ वाचतो. रेघ आडवी व्हायच्या थोडं आधीच त्याने हे सुरू केलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. घुम्या तेव्हा म्हणाला होता, “ते एकमेकांशी बोलतील.” तो म्हणाला होता, “बोलू देत की. आपले प्रश्न झाले म्हणजे झालं.” कानात आता दोन म्हातारे आपापल्या गुडघ्यांची तुलना करत होते. तो पुढचं मुद्रण लावणार, एवढ्यात थोरल्या बाईंचा आवाज आला, “झाले हो माझे प्रश्न. मी आता बाजूला होते, तुम्ही बोला दोघं.” आणि मग आईचा आवाज आला.

आईबरोबर कुणी निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले आजोबा होते. कानाने कमी ऐकणारे असावेत, मोठ्याने बोलत होते. “मी कंपनीचा फोन बंद करतोय,” ते म्हणाले. “आता तुमचा नंबर आहे माझ्याकडे. सकाळी थेट करीन. चालेल ना?” “न चालायला काय झालं?” आई म्हणाली. “मला मात्र बंद करता यायचं नाही. पोरगं माझं आहे ना. धंदा बसलाय म्हणे त्याचा. घरच्या एका गिऱ्हाइकाने तरी टिकायला नको का?” आजोबा हसले. “तो फोन नाही करत तुम्हाला?” “करतो की, रोज. झोप झाली का, खाल्लंस का. शाळेत हजेरी द्यावी तशी मी देते आणि ठेवते. गुणी आहे हो, पण विचारतो आणि ऐकत नाही.” हे आई कडवटपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सहज म्हणाली, मीठ जरा कमी आहे म्हणावं तशी. मग आजोबा म्हणाले, “माझी बहीण मागे लागलीय, मलाही असं कुणीतरी जोडून द्या म्हणते. त्या बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, असं काही विकायला नाही आमच्याकडे.”

तो खुर्चीतून उठला. वर्षभर शोधलेलं कारण सापडलं होतं, आणि कारणाच्या पाठोपाठ वाटही. माणसं बरी होऊन जात होती! ती त्यानेच, वेळ वाचवायला म्हणून, एकमेकांच्या हवाली केली होती. आणि बाहेर लोक नेमकं तेच मागत होते जे आपण काटकसर म्हणून फुकट वाटत होतो. हजेरी घ्यायची नाही, माणसाला माणूस जोडून द्यायचा, नीट, विचारपूर्वक, त्याचे पैसे घ्यायचे आणि ती बरी होऊन गेली की खुशाल जाऊ द्यायचं. त्यांच्या बहिणी येतील, शेजारी येतील. रेघ डोळ्यांसमोर उचलली गेल्यासारखी वाटली आणि आनंदाच्या भरात त्याने फोन काढून नंबर लावलासुद्धा, घुम्याचा. असं काही सुचलं की आजवर तो एकाच माणसाला सांगत आला होता. पहिली घंटा वाजल्यावर त्याच्या ध्यानात आलं, त्यालाच तर आपण घालवलंय, आणि त्याने फोन कापला. आईच्या त्या बोलण्यानंतर आपल्याला आधी धंदा सुचला, हेही त्याच वेळी ध्यानात आलं, आणि ऐन दुपारी रिकाम्या ऑफिसात तो लाजेने लाल झाला.

त्याने आईला फोन केला. या वेळी लगेच लागला. “घुम्याशी तू बोलतेस का रोज सकाळी?” त्याने एकदम विचारलं. आपण हे का विचारलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुतेक इतके दिवस दोन वेगळ्या खिशांत ठेवलेल्या दोन गोष्टी हाताला एकदम लागल्या होत्या. आई म्हणाली, “सांगितलं वाटतं त्याने.” “नाही सांगितलं. तेच तर...” “मीच म्हटलं होतं सांगू नकोस म्हणून. एक दिवस तो करतो, एक दिवस मी. एकटाच राहतो रे तो. फार बोलतो.” “घुम्या?” “तर! थांबत नाही.” “आई, मला का नाही सांगितलंस?” “तुला सांगितलं असतं तर तू त्याची पण कंपनी केली असतीस,” आई म्हणाली. मग त्याने तिला काचेच्या खोलीतलं सगळं सांगितलं, किल्लीसकट. आईने मध्ये एकदाही हो म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “मग माझ्याकडे काय बसलायस बोलत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घुम्याला फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळाने दुसरा केला. गाडी सिग्नलला उभी होती, मागच्या लोकांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली तरी तो कानाला फोन लावून बसला होता. रागावलाय, दुसरं काय. पण घुम्या रागावून फोन न उचलणाऱ्यांतला नाही, उचलून गप्प बसणाऱ्यांतला आहे. तिसरा फोनही वाजून वाजून थांबला. काका आठवले, गोष्टीतले नव्हे, खरे, त्यांच्या बाहीला येणारा साबणाचा वास. तो इतरांच्या दारावर माणसं पाठवत आला होता. आज त्याने गाडी वळवली. इमारत माहीत होती, मजला माहीत नव्हता. शहरभरच्या म्हाताऱ्यांची झोप कशी होते हे सांगू शकणारा तो, पंधरा वर्षांपासूनच्या मित्राचं दार खालच्या टपालपेट्यांवरच्या पाट्या वाचून शोधत होता. वर जाऊन त्याने घंटा वाजवली. आतून काहीच आवाज नाही. पुन्हा वाजवली. मग पावलं ऐकू आली आणि दार चार बोटं उघडलं, आतून साखळी लावलेलं. फटीत घुम्याचा अर्धा चेहरा, दाढी वाढलेली. तो जिवंत होता.

“झोप झाली का?” तोंडातून निघून गेलं आणि त्याला जीभ चावावीशी वाटली. “तीन फोन झाले?” घुम्याने विचारलं. “झाले.” “म्हणून आलास.” “हो. म्हणजे नाही.” पुढे काय म्हणायचं ते गाडीत सगळं जुळवलेलं होतं, वाट सापडली, तू बरोबर होतास, मी गाढव आहे, त्याच क्रमाने, पण फटीतून ते आत जाईना. एवढ्यात आत फोन वाजला. घुम्या वळला आणि दिसेनासा झाला, आणि मग आतून त्याचा आवाज आला, जिन्यात यायचा तसाच. “हो, आलाय. दारात उभा आहे. नाही, अजून काही बोलला नाही. बघतो.” साखळीखालून हात बाहेर आला, हातात फोन. “तुझ्यासाठी आहे.” त्याने फोन कानाला लावला. “झोप झाली का?” आई विचारत होती. “नाही,” तो म्हणाला. “खाल्लंस काही?” “नाही.” “आज कुणाशी बोलणार आहेस?” त्याने फटीकडे पाहिलं. “घुम्याशी,” तो म्हणाला. “त्याने ऐकलं तर.”

दार लागलं. अगदी तोंडावर, कडी पडल्याच्या आवाजासकट. संपलं, त्याला वाटलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका आवाजात संपलं, आणि घुम्याचा फोन मात्र आपल्या हातात राहिला. “आई, त्याने दार लावलं,” तो म्हणाला. पलीकडे आई हसल्यासारखी वाटली. तिच्याही दाराला तसलीच साखळी होती, त्यानेच बसवून दिलेली, आणि आतून ती कधी काढायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

“अरे, साखळी काढायची तर दार आधी लावावंच लागतं,” आई म्हणाली. “थांब जरा.”